काठी लांब, गाडी आखूड

बांबूउडीचा प्रशिक्षक भेटला की लोक उडीबद्दल विचारतात. किती उंच, भीती वाटते का, खाली गादी केवढी असते, वगैरे. काठी स्पर्धेच्या गावाला नेता कशी, हे कुणी विचारत नाही. आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी आमचा अर्धा जीव तर त्यातच अडकलेला असतो.

साधा हिशेब बघा. शाळकरी पोरगा 12 फुटी काठीवर शिकायला लागतो, म्हणजे 3.65 मीटर. वॅगन आरची लांबी 3,655 मिलिमीटर. टपावर बांधलेली काठी गाडीच्या लांबीत अगदी नेमकी बसते, पोरगा खूश, बाप खूश. पुढे पोराचं वजन वाढतं, धाव वाढते, काठी 13 फुटांची होते, मग 14, आणि कॉलेजात जाईपर्यंत 15 फुटी, म्हणजे सुमारे 4.60 मीटर. गाडी मात्र आहे तेवढीच राहते. 2006 च्या अर्थसंकल्पात 4 मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्या त्या मापात गाड्या बसवू लागल्या. बोलेरोसारखी दणकट गाडीसुद्धा 3,995 मिलिमीटरवर थांबलेली आहे. कर वाचला, काठी बाहेर आली.

गणित शिकवणाऱ्या एका पालकांनी मला यावर पायथागोरस सुचवला होता. वॅगन आरची रुंदी 1.62 मीटर, तेव्हा टपाचा कर्ण 4 मीटर, म्हणजे 13 फुटी काठी तिरपी ठेवली की प्रश्न मिटला. कागदावर उत्तर चूक नाही. पण गाडीचे कोपरे गोल असतात आणि टप तर गाडीहून बराच आखूड, त्यामुळे काठीचं एक टोक ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर आणि दुसरं मागून येणाऱ्याच्या वाटेत येतं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. गाडीच्या टपाची उंची म्हणजे जवळपास मोटारसायकलवाल्याच्या तोंडाची उंची. मागे आलेली काठी सरळ रस्त्यावर निमूट असते; वळणावर मात्र गाडीचं नाक आत वळतं तेव्हा शेपूट बाहेर फिरतं. आम्हाला पुण्याच्या बालेवाडीला स्पर्धेसाठी जायचं म्हणजे हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा आणि मलकापूरवरून कोल्हापूर गाठायचं. त्या घाटात वळण सोडून दुसरं आहे काय! सळ्या बाहेर काढून चाललेल्या ट्रकांनी आपल्या रस्त्यांवर किती जीव घेतले हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळेच 2014 मध्ये गाडीबाहेर माल काढण्याची मुभा केंद्राने काढून घेतली. आज मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 (1अ) खाली पुढे, मागे किंवा बाजूला माल बाहेर आला तर 20,000 रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च वेगळा. लाल फडकं बांधलं की भागतं, हा समज जुना झाला. मला हा कायदा जाचक वाटत नाही. खेळाडूची काठी म्हणून ती कुणाच्या डोळ्यात कमी घुसत नाही.

मग उरतात लांब गाड्या. इनोव्हा क्रिस्टा 4,735 मिलिमीटर, तिच्यावर 15 फुटी काठी मावते. माझी पसंती ट्रॅक्स क्रूझरला. लांबी 5 मीटरच्या वर, टपाला कॅरिअर, आणि आत पोरं, त्यांच्या पिशव्या, डबे सगळं बसतं. लग्नसराईत मात्र ती मिळत नाही.

बांधण्याचं शास्त्र वेगळंच. काठीचं वजन दोन-तीन किलो, तेव्हा ओझ्याची काळजी नाही. काळजी ओरखड्याची. ही काठी काचतंतूंची असते. पृष्ठभागावर खोल चरा गेला की तिथले तंतू तुटतात, आणि पुढे कधीतरी काठी पूर्ण वाकलेली असताना नेमकी तिथेच मोडते. तेव्हा पोरगा जमिनीपासून किती वर असेल, याचा विचार करा. म्हणून काठ्या पिशवीत घालायच्या, कॅरिअरच्या प्रत्येक आडव्या नळीला फोम गुंडाळायचा, तारेला हात लावायचा नाही. नायलॉनची दोरी पावसात भिजली की सैल पडते, आणि आमच्याकडे पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही. पॉलिस्टरचा पट्टा बरा. तो हाताने ओढायचा तेवढाच, खटका मारून आवळायचा नाही. लहान गाडीच्या टपावरच्या दोन आडव्या नळ्यांत अंतर फार थोडं असतं, त्यामुळे काठीची टोकं खड्ड्याखड्ड्याला नाचतात. त्यावर आमचा उपाय गावठी आहे: कोकणातला माणगा बांबू भरीव आणि सरळ असतो, त्याचा एक सोट खाली घालायचा आणि काठ्या त्याला जागोजाग बांधायच्या. अमेरिकेच्या कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने 1940 मध्ये 15 फुटांची उडी जगात पहिल्यांदा मारली ती बांबूवरच. आता तोच बांबू काचतंतूंच्या काठीला टेकू देतो.

रेल्वेचं म्हणाल, तर 2026 च्या जानेवारीत देव मीना आणि कुलदीप यादव हे बांबूउडीपटू मंगळुरूकडची आंतरविद्यापीठ स्पर्धा आटोपून भोपाळला परतत होते. पनवेल स्थानकात काठ्यांपायी त्यांना गाडीतून उतरवलं आणि कित्येक तास बसवून ठेवलं. देव मीना म्हणजे 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 5.32 मीटरचा राष्ट्रीय विक्रम करणारा पोरगा. त्याची ही गत, तर आमच्या जिल्हा पातळीवरच्या पोरांना तिकीट तपासनीस काय ओळखणार?

‘तिथे असेल ती काठी घ्या’ असा सल्ला मिळतो. काठी उडी मारणाऱ्याच्या वजनाला आणि पकडीला जुळवलेली असते. वरच्या टोकाशी लांबी आणि वजनाचा आकडा छापलेला असतो. हलक्या पोराला कडक काठी दिली तर ती वाकत नाही, त्याला मागे धावपट्टीवर फेकते. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ब्राझीलच्या फाबियाना मुरेरची एक काठी ऐन अंतिम फेरीत गहाळ झाली. ती दहावी आली. तीच मुरेर 2011 मध्ये डेगूला जगज्जेती झाली.

तरीही शालेय पातळीवर मला स्पर्धेच्या ठिकाणी काठ्यांचा संच ठेवण्याचाच मार्ग दिसतो. जिथे विभागीय आणि राज्य स्पर्धा होतात, तिथे 12 ते 15 फुटी, वेगवेगळ्या वजनांच्या डझनभर काठ्या क्रीडा खात्याने कायम ठेवाव्यात आणि त्यांची यादी महिनाभर आधी शाळांना पाठवावी. परदेशी काठी इथे पोचेपर्यंत महाग पडते, हे खरं. पण गादी, खांब आणि धावपट्टी यांवर जिथे लाखो रुपये घालतो, तिथे काठ्यांवर हात आखडण्यात अर्थ नाही. असा संच असेल, तर रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गडचिरोलीची आणखी पोरं या खेळाकडे वळतील.

तोवर एक विनंती. तुमच्या दारात ट्रॅक्स किंवा लांब टपाची गाडी असेल आणि स्पर्धेच्या दिवसांत ती रिकामी उभी राहणार असेल, तर जवळच्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना तेवढं सांगून ठेवा. डिझेल आम्ही भरू, फोम आणि पट्टेही आमचेच.