कोरा रकाना आणि शून्य

माझ्या नोकरीचे नाव 'डेटा सायंटिस्ट' असे आहे. आमच्या गल्लीत हे नाव सांगितले की बाया विचारतात, "म्हंजे डॉक्टरीण झालीस का?" डॉक्टर नाही म्हटले की म्हणतात, "मग कम्प्युटरवाली." तेही पुरते खरे नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या सरकारी दवाखान्यांतून जे आकडे येतात ते तपासायचे, एकमेकांशी ताडून पाहायचे आणि त्यांतून काय दिसते ते वरच्या अधिकाऱ्यांना सांगायचे, हे माझे काम आहे. कोणत्या गावात गरोदर बायांची तपासणी होत नाही, कोणत्या महिन्यात ताप कुठे वाढतो, कोणत्या केंद्रातले औषध पुढच्या पंधरा दिवसांत संपेल, असे प्रश्न असतात. आपल्या घरांतून या कामात आलेली मुले-मुली अजून थोडी आहेत, म्हणून वाचकांना त्याची थोडी ओळख करून द्यावी असे वाटले.

माझे वडील लातूरच्या मार्केट यार्डात हमाल होते. तुरीचे पोते पाठीवर घेतले तरी ते आडत्याच्या वहीत चढले नाही तर त्याची हमाली मिळत नसे. संध्याकाळी हिशेबाच्या वेळी ते वहीवर डोळे लावून उभे राहत. त्यांना लिहिता येत नव्हते, पण पोत्यांच्या खुणा बरोबर मोजता येत. "लिहिलं नाही ते उचललंच नाही," असे ते म्हणत. मी लातूरला बी.एस्सी. केले, पुढे नांदेडच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकले, तेव्हा पुस्तकांत जे सापडले त्यातले बरेचसे वडिलांच्या या एका वाक्यात होते.

सरकारी आरोग्याचा आकडा कसा जन्मतो ते आधी सांगते. गावातली आशाताई घरोघर फिरून तिच्या डायरीत नोंद करते. तिच्याकडून ती उपकेंद्राच्या नर्सबाईंच्या रजिस्टरमध्ये जाते. सपाट भागात साधारण ५ हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि ३० हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे असा नियम आहे. महिनाअखेर उपकेंद्राचा अहवाल केंद्रात जातो, तिथला ऑपरेटर तो कम्प्युटरवर चढवतो, मग तालुका, मग जिल्हा, मग मुंबई, दिल्ली. २००८ सालापासून देशभरातले हे मासिक अहवाल एकाच सरकारी संगणक-प्रणालीत जमा होतात. दिल्लीत बसलेल्या माणसाला किनवटच्या उपकेंद्रात किती बाळंतपणे झाली ते दिसते. निदान तसे त्याला वाटते.

माझ्या मते या सगळ्या कामात सर्वांत अवघड गोष्ट आहे ती शून्य आणि कोरा रकाना यांतला फरक. शून्य म्हणजे कोणीतरी पाहिले, मोजले आणि काही आढळले नाही. कोरा रकाना म्हणजे कोणी पाहिलेच नाही. कागदावर दोन्ही सारखेच निरुपद्रवी दिसतात.

एका तालुक्याच्या आढावा बैठकीत मी नकाशा दाखवत होते. जिथे त्या महिन्यात मातामृत्यू नाही ती केंद्रे हिरवी, जिथे झाला ती लाल, आणि जिथून अहवालच आला नाही ती करड्या रंगाची. एक साहेब म्हणाले, "मॅडम, ते करडं कशाला दाखवता? तिथं शून्य टाका. वर उगीच प्रश्न येतात." मी म्हणाले, "सर, शून्य कोणी कळवलेले नाही." बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. करारावरच्या मुलीने असे बोलावे हे काहींना रुचले नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. दुसऱ्या दिवशी मी त्या करड्या उपकेंद्राच्या आशाताईंना फोन लावला. नर्सबाईंची जागा पाच महिने रिकामी होती. शेजारच्या नर्सबाईंकडे दोन्ही उपकेंद्रांचा भार होता आणि अहवाल लिहायला त्यांना वेळच नव्हता. आशाताई म्हणाल्या, "मॅडम, आमच्या वाडीतली एक बाई मागच्या महिन्यात वाटेतच गेली. टेम्पोत. इथं लिहिलं नाही, कारण इथं गेली नाही. तिथं लिहिलं नाही, कारण तिथं पोचलीच नाही. मला कोणी विचारलं बी नाही."

त्या बाईंचे वय २२ होते. पुढे नोंद झाली, चौकशी झाली, रक्त वेळेवर मिळाले नाही असे कागदावर आले. नर्सबाईंची जागा भरायला त्यानंतरही सात महिने लागले. तिची पोरगी आजीपाशी आहे.

आता ऊसतोडीचे पाहा. मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोट या भागांतून दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणून पोटुशी बाईही मागे राहू शकत नाही. पाचव्या महिन्यात तिची नोंद इकडच्या रजिस्टरात झालेली असते. बाळंतपण होते कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात, फडाच्या कडेला झोपडीत किंवा तिकडच्या एखाद्या दवाखान्यात. चार-पाच महिन्यांनी ती परत येते. आमच्या यादीत तिच्या नावापुढे पहिली तपासणी भरलेली आणि पुढचे सगळे रकाने कोरे. कम्प्युटरला विचारले तर तो म्हणतो, हे नाव गळले. काही हुशार माणसे अशी अपुरी नावे यादीतून काढून टाकतात आणि उरलेल्यांची टक्केवारी काढतात. टक्केवारी छान येते! आकडे शिकवणारी पुस्तके सांगतात की नोंदी अशाच योगायोगाने गहाळ झाल्या असतील तर एवढे बिघडत नाही. पण इथे योगायोग कुठे आहे? जिला जमीन नाही, जिच्यावर उचल आहे, जी सर्वांत जास्त दमलेली आहे, नेमकी तिचीच नोंद गहाळ होते. ती वगळून काढलेला आकडा घरी राहणाऱ्या, शेत असणाऱ्या बाईचा असतो.

मोजले की काय दिसते तेही आपल्याच मराठवाड्यात दिसले आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात ही कुजबूज वर्षानुवर्षे होती. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी सुमारे ८२ हजार बायांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. बाया त्याच होत्या, दुखणेही तेच होते, पण त्याआधी त्याला गाऱ्हाणे म्हणत.

कोऱ्या रकान्याचा एक भाऊ आहे, तो म्हणजे सोयीचा आकडा. बाळाचे जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ते 'कमी वजनाचे' धरतात आणि त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे लागते. बाळंतपण दवाखान्यात झाले तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचे असते. बाळ कमी वजनाचे असेल तर त्यापुढेही नजर ठेवायची असते. वजनांचा आलेख काढला तर तो टेकडीसारखा हळूहळू चढून हळूहळू उतरायला हवा. पुष्कळ ठिकाणच्या नोंदींत तो बरोबर अडीचपाशी खांबासारखा उभा राहतो. निसर्ग असे खांब उभे करत नाही. कुठे काटा बिघडलेला असतो, कुठे रात्रपाळीत एकटी नर्स तीन बाळंतपणे पाहत असते, आणि कुठे कमी वजन लिहिले की वरून खुलासा मागतात. मी नर्सबाईंना दोष देत नाही. खुलासा मागणाऱ्याने आधी काटा पाठवावा. पण जे बाळ २ किलो ३०० ग्रॅमचे होते आणि अडीचचे लिहिले गेले, त्याच्यावरची ही जादा नजर गेली.

नांदेडचे नाव २०२३ साली साऱ्या देशाने वाचले. सप्टेंबर संपता-संपता विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. ४८ तासांत हा आकडा ३१ वर गेला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे, माणसे, खाटा यांची टंचाई किती, यावर पुष्कळ बोलले गेले आणि ते बोलायलाच हवे होते. मला त्यापुढचे एक विचारावेसे वाटत होते. ती बाळे कोणत्या गावची? विष्णुपुरीला नांदेडचेच रुग्ण येत नाहीत. हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणाच्या सीमेवरूनही लोक शेवटच्या घटकेला तिथे पोचतात. मृत्यू जिथे झाला तिथे मोजला की मोठे रुग्णालय लाल दिसते आणि ज्या तालुक्यात बाळाला पहिल्या तासात उपचार मिळाला नाही तो हिरवाच राहतो. राहत्या गावाचा रकाना नीट भरलेला असेल तर बोट योग्य जागी ठेवता येते. याने मोठ्या रुग्णालयाची जबाबदारी कमी होत नाही. लहान दवाखान्यांची मात्र दिसू लागते.

आपल्या घरांशी थेट संबंध असलेला आणखी एक रकाना आहे, जातीचा. रजिस्टरात अ.जा., अ.ज. आणि इतर असे पर्याय असतात. नर्सबाईने विचारले की आपल्या बाया अभिमानाने 'बौद्ध' सांगतात, आणि लिहिणारी पुष्कळदा 'इतर' लिहून मोकळी होते. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीत धरले आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. जननी सुरक्षा योजनेत आपल्या राज्यात ग्रामीण भागातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये मिळतात. 'इतर' लिहिल्याने ते अडकतातच, शिवाय आमच्या बायांत रक्त कमी असणाऱ्या किती, हे कोणी विचारले तर उत्तरही मिळत नाही.

माझ्या आजीला सात लेकरे झाली, चार जगली. गेलेल्या तिघांची नावे तिला पाठ होती, पण कोणत्याही दप्तरात ती नव्हती. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे, पण तो आमच्या वस्तीत यायला फार वर्षे लागली. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ साली आला. घरोघर जाऊन बालमृत्यू मोजले तर ते सरकारी कागदावरच्या आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक निघतात, असे त्यात दाखवले होते. तो वाचताना मला आजीची तीन नावे आठवत होती. परिचारिका म्हणून आपण जिला ओळखतो ती फ्लोरेन्स नाइटिंगेल मोठी आकडेतज्ज्ञ होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि साथीने जास्त मेले, हे तिने आकड्यांचे चित्र काढून राज्यकर्त्यांना पटवले. तिच्याजवळ निदान मेलेल्यांची नोंद होती.

वाचक भगिनींना एवढेच सांगते की माता-बाल संरक्षण कार्ड सांभाळून ठेवा आणि तोडीला जाताना सोबत न्या. तिकडच्या दवाखान्यात ते दाखवून नोंद करून घ्या. बाळाचे वजन काट्यावर स्वतः पाहा आणि पाहिले तेच लिहायला सांगा. जातीच्या रकान्यात काय लिहिले ते वाचून घ्या. घरी किंवा वाटेत मृत्यू झाला तर एकवीस दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. दुःखात हे सुचत नाही, म्हणून शेजाऱ्याने करावे.

ज्यांची मुले गणितात बरी आहेत त्यांनी त्यांना संख्याशास्त्राला घालावे. या कामाला लागणारे 'आर' आणि 'पायथॉन' हे संगणकी साधन फुकट मिळते, साधा जुना लॅपटॉप पुरतो. मात्र नोकरी बहुधा करारावर असते. माझाही करार अकरा महिन्यांचा आहे आणि दर वेळी नवीन कागदावर सही होईपर्यंत घरात काळजी असते. हे आधी माहीत असलेले बरे.

यंदा आम्ही एक यादी करतो आहोत. टोळ्या निघण्याआधी मुखेड आणि कंधारच्या काही गावांत आशाताई मुकादमांना भेटून कोणत्या कोयत्यातली बाई पोटुशी आहे, कोणत्या कारखान्याला जाणार आहे आणि तिचा दिवस कधी भरतो, हे लिहून घेत आहेत. ती यादी तिकडच्या केंद्रांना पाठवायची. काही मुकादम नावे द्यायला कुरकुर करतात. एका आशाताईने त्यावर तोड काढली. ती मुकादमाकडे गेलीच नाही, पाण्याच्या टाकीवर बसून राहिली. दोन सकाळींत तिला अकरा नावे मिळाली.