अल्पाकाची ऊब

पेरूतलं कुस्को, रात्र. ३,४०० मीटर उंचीवरची थंडी हाडात शिरते. अंगावर अल्पाका या प्राण्याच्या लोकरीची शाल आहे. वजन जाणवत नाही, ऊब तेवढी जाणवते. आपली घोंगडी टोचते, ही टोचत नाही. मेंढीच्या लोकरीतला मेणचटपणाही हिच्यात जवळजवळ नाही.

जवळच्या चिंचेरो गावातल्या बायका चालता-बोलता टकळीवर सूत काततात. मागाचं एक टोक खांबाला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला. ताण द्यायचा तो मागे रेलून. म्हणजे विणणारीचं शरीर हाच अर्धा माग! समोर नक्षीचा कागद नाही, धाग्यांची मोजणी सगळी डोक्यात. लाल रंग निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांचा. एकीने तळहातावर किडा चिरडला, वर लिंबू पिळलं, आणि किरमिजीचा बघता बघता नारिंगी झाला. रसायनशास्त्राच्या तासाला आम्हाला असं कुणी शिकवलं असतं तर!

बाजारात अल्पाका म्हणून ॲक्रिलिक सर्रास खपवतात. तेही मऊ असतं, आणि स्वस्तात मिळतं म्हणून घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण चिंचेरोच्याच विणकर निल्दा कायान्याउपा यांच्या पुढाकाराने १९९६ साली कुस्कोत पारंपरिक वस्त्रांचं केंद्र सुरू झालं, ते मला जास्त पटतं. तिथे वस्त्रासोबत विणणारीचं नाव असतं. शाल तिथलीच. किंमत ऐकून पोटात गोळा आला, तरी घासाघीस करावीशी वाटली नाही.