हुकूम कोणाचा?

एखाद्या धर्मगुरूची प्रवचनं, पदं, पत्रं शिष्य आदराने जपतात, ते समजू शकतं. पण त्यातलंच काही पुढे धर्मग्रंथ होतं आणि बाकीचं नुसतं जपून ठेवलं जातं. असं का? मी सिग्नलचा माणूस. नोकरीतली अडीच वर्षं एका शीख पलटणीसोबत काढली, तिथे मला याचं थोडंफार उत्तर मिळालं.

पलटणीच्या गुरुद्वाऱ्यात पहाटे ग्रंथसाहेब उघडत. जे पान उघडेल त्यावरचं पद म्हणजे त्या दिवसाचा हुकमनामा. ज्ञानीजी ते वाचत, जवान हात जोडून ऐकत. ग्रंथावर छत, बाजूला चवरी, रात्री विश्रांतीची जागासुद्धा वेगळी. जिवंत गुरूचा मान ठेवावा तसं सगळं.

गंमत अशी की गुरूंनी दूरच्या संगतींना लिहिलेल्या पत्रांनाही हुकमनामेच म्हणतात. गुरू तेगबहादूर आणि गुरू गोविंदसिंग यांनी पाटण्याच्या संगतीला लिहिलेली पत्रं आजही जपलेली आहेत. पण ती ग्रंथसाहेबात नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर ती पार्ट वन ऑर्डर : त्या वेळचं काम, त्या लोकांसाठी. ग्रंथातली वाणी ही स्टँडिंग ऑर्डर.

हा फरक गुरूंनी स्वतःच केला. 1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी आधीच्या गुरूंची वाणी पारखून एकत्र केली. त्यात कबीर, रविदास, शेख फरीद घेतले आणि आपले नामदेवही. नामदेव जाऊन अडीचशे वर्षं झाली होती, तरी त्यांची 61 पदं तिथे बसली. पुढे गुरू गोविंदसिंगांनी वडिलांची वाणी त्यात घातली, पण स्वतःच्या एवढ्या रचना बाहेर ठेवल्या. 1708 मध्ये आपल्या नांदेडला त्यांनी सांगितलं, यापुढे ग्रंथ हाच गुरू. कमान कोणाकडे, हा प्रश्न तिथेच मिटला.

तरी सगळंच काही वरच्या हुकमाने ठरत नाही. आनंदपूर सोडताना शपथेवर दिलेला शब्द मोगलांनी मोडला, गुरूंचे चारही मुलगे गेले. त्यानंतर त्यांनी औरंगजेबाला फारसीत पत्र लिहिलं, जफरनामा. ते दशम ग्रंथात आहे. शीख रेजिमेंटचं ब्रीदवाक्यही त्याच दशम ग्रंथातल्या चंडी चरित्रातून आलं आहे. गादीवर गुरू ग्रंथसाहेबच, पण या ओळी पलटणीने आपल्या केल्या, कारण लिहिणाऱ्याने त्यांची किंमत घरातून मोजली होती.

आमच्या तिथल्या एका शिपायाचे वडील आजारी होते. रजा मंजूर झाली, आणि त्याच आठवड्यात सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. पोरगा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तो हुकमनामा ऐकून आला, बूट बांधले आणि चौकीवर गेला. मी ज्ञानीजींना विचारलं, "ज्ञानीजी, पान तर सहज उघडतं. ते त्याच्याचसाठी होतं कशावरून?"

ते म्हणाले, "साहेब, हुकूम मनासारखा असला तरच पाळायचा, असं तुमच्या फौजेत चालतं का?"

मी गप्प बसलो. माझं पूर्ण समाधान झालं नाही, आजही नाही. बारा दिवसांनी त्याचे वडील गेले, मुलाची भेट झाली नाही. त्या पदाने वडील वाचले नाहीत, आणि रजा बंद झाल्याचं मला वाईट वाटायचं ते वाटतंच. पण घरी जाण्याआधी तो पोरगा गुरुद्वाऱ्यात गेला, आणि त्याने पुन्हा हुकमनामा मागितला. रागावला नव्हता. आदल्या हुकमाचा जाब विचारायला आला नव्हता. पुढचा हुकूम घ्यायला आला होता.

लिहिणारा गेल्यावर तीनशे वर्षांनीही कोणी अशा वेळी ज्या शब्दांपुढे येऊन उभं राहतं, ते शब्द मग नुसती पदं किंवा पत्रं राहत नाहीत.