न उघडलेल्या फोनचं बिल

संपादकांनी विषय सांगताना एक अट घातली: तांत्रिक फार नको, दिवाळी अंकाचा वाचक फराळाची ताटली शेजारी ठेवून वाचतो. अट मला मान्य आहे. पण या विषयात लोकांचे पैसे जातात ते तांत्रिक तपशिलातूनच, त्यामुळे थोडं आत शिरावं लागेल.

मी मोबाइल कंपन्यांच्या चार्जिंग यंत्रणेवर काम करते. तुमच्या फोनमधून किती डेटा गेला, किती आला आणि त्याचे किती पैसे झाले, हे ठरवणारी यंत्रणा. ही मोजणी खोटी असते, असा लोकांचा ठाम समज आहे. माझा अनुभव उलट आहे. फोन आणि इंटरनेट यांच्यामध्ये कंपनीचं एक गेटवे असतं. येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट तिथूनच जातं आणि तिथेच त्याचे बाइट मोजले जातात. पॅकेटवरचा पत्ता, हेडर, तोसुद्धा मोजला जातो. वाटेत हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं तर बऱ्याचदा तेही. फोनमधला आकडा आणि बिलावरचा आकडा थोडा वेगळा दिसतो तो अशा कारणांनी. या मोजणीचा मला अभिमान आहे. मात्र गेटवेला एक गोष्ट अजिबात दिसत नाही. ते पॅकेट माणसाने मागवलं, की पर्समध्ये पडलेल्या फोनने परस्पर, हे त्याला कळत नाही.

आईच्या मैत्रीण, सांगलीच्या निवृत्त शिक्षिका, गेल्या वर्षी मुलीकडे मस्कतला जाऊन आल्या. पोस्टपेड कनेक्शन. परत आल्यावर रोमिंगचं बिल बावीस हजारांच्या वर. त्यांनी फोन करून मला विचारलं, “अगं, फोन पर्समध्येच होता. मी उघडलासुद्धा नाही. मग पैसे कशाचे?” मी तपशील मागवले. फोन नवा घेतला तेव्हा नातवाने आजीचे फोटो हरवू नयेत म्हणून ते आपोआप साठवायची सोय करून दिली होती. वाय-फाय नसलं तरी चालेल, रोमिंगमध्येही चालेल, अशी सगळी बटणं त्याने प्रेमाने चालू केली होती. मस्कतच्या विमानतळावर फोनला नेटवर्क मिळालं आणि साठून राहिलेले लग्नाचे फोटो नि व्हिडिओ एकामागून एक निघाले. मोजणी तंतोतंत बरोबर होती. तरीही ‘बिल बरोबर आहे, काकू’ असं काही माझ्या तोंडून निघालं नाही.

परदेशात हे रोखता येत नाही असं कंपन्यांचे लोक सांगतात, ते मला पटत नाही. परदेशी गेलेल्या फोनचा डेटा बहुतेक वेळा फिरून आपल्याच देशातल्या, आपल्याच कंपनीच्या गेटवेवर येतो. म्हणजे आकडा फुगत असताना तो इथे दिसत असतो. युरोपीय संघाने 2010 पासून नियमच केला: रोमिंगचं डेटा बिल 50 युरोला पोचलं की, ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर, डेटा तोडायचा. प्रीपेड ग्राहकाचे पैसे संपल्या क्षणी त्याचा डेटा आम्ही बंद करतोच. तेच पोस्टपेडला करायचं.

आता तो वाद, ज्याच्यावरून बैठकांमध्ये माझे अनेकदा खटके उडाले: पल्सचा. 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटाचे भाव कोसळले. त्याआधी पॅक नसलेल्या ग्राहकाला 10 केबीला 10 पैसे हा दर सर्रास असे. ऐकायला किरकोळ. पण 10 केबी हा पल्स आहे, आणि तो वर पूर्ण केला जातो. 1 केबी वापरला तरी 10 केबीचे पैसे. प्रश्न असा की वर पूर्ण करायचं कधी? प्रत्येक जोडणी बंद झाल्यावर, की महिन्याची बेरीज झाल्यावर? हिशेब करून पाहा. एखादं अ‍ॅप दर पंधरा मिनिटांनी जोडणी उघडतं, 1 केबी पाठवतं आणि जोडणी बंद होते. दिवसाला 96 वेळा. प्रत्येक वेळी पल्स पूर्ण केला तर रोजचे 9 रुपये 60 पैसे, तीस दिवसांचे 288. तोच वापर महिनाअखेर एकत्र करून मोजला तर 28 रुपये 80 पैसे. बाइट तेवढेच, दर तोच, बिल दसपट. पडदा बंद असताना होणारा वापर नेमका असाच असतो, थेंबाथेंबाने. व्हिडिओ पाहणाऱ्याला पल्सचा फरक जाणवतही नाही. फोनला हात न लावणाऱ्यालाच तो सर्वांत महाग पडतो.

अ‍ॅप असं सारखं का बोलतं, याचं उत्तरही लोकांना चुकीचं माहीत असतं. दर वेळी ती हेरगिरी नसते. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात कमी पडले, म्हणून हजारो ग्राहक मोजक्या पत्त्यांमागे बसवले जातात. एखादी जोडणी काही मिनिटं गप्प राहिली की कंपनीची यंत्रणा ती विसरते. मग निरोप यायचा तर फोनला मधूनमधून ‘मी आहे’ असं कळवत राहावं लागतं. पत्त्यांची टंचाई कंपनीची आणि त्या निरोपांचे पैसे ग्राहकाचे, हे मला कधीच रास्त वाटलं नाही.

आणखी एक गैरसमज: अलीकडच्या अ‍ॅप्सच्या यादीतून बोटाने अ‍ॅप सरकवून टाकलं की ते थांबलं. अनेकदा थांबत नाही. अँड्रॉइडमध्ये 2015 साली, नुसत्या पडलेल्या फोनमधल्या अ‍ॅप्सना आवर घालणारं डोझ आलं, पुढच्या वर्षी डेटा सेव्हर. डेटा सेव्हर तुम्हाला स्वतः चालू करावा लागतो. त्याच 2015 मध्ये आयफोनवर वाय-फाय असिस्ट आलं: वाय-फाय क्षीण झालं की फोन आपण होऊन मोबाइल डेटावर जाणार. ते मात्र आधीपासून चालू ठेवलेलं होतं, आणि त्यावरून अमेरिकेत खटला झाला. खर्च वाढवणारं बटण चालू, वाचवणारं बंद. माझा राग आहे तो या मांडणीवर.

जुलै 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या ज्युरीने निष्क्रिय पडलेल्या अँड्रॉइड फोनचा मोबाइल डेटा परवानगीविना वापरल्याबद्दल गूगलला 31 कोटी 46 लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. अपील करणार असल्याचं गूगलने लगेच जाहीर केलं. फिर्यादीत एका चाचणीचा उल्लेख होता: नुसत्या ठेवलेल्या फोनने दिवसाला 8.88 एमबी वापरले. आपल्या त्या जुन्या 10 पैशांच्या दराने याचे महिन्याला 2,700 रुपयांवर झाले असते.

‘आता डेटा स्वस्त आहे, सोडून द्या,’ असं मला सांगतात. रोज 1 जीबीच्या पॅकवर ऑनलाइन शिकवणी करणाऱ्या मुलीचा कोटा दुपारीच संपतो, तेव्हा बिल येत नाही, पण तिचा तास बुडतो.

आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायने 2015 मध्ये ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सुरू करायचा नाही असं ठरवलं, आणि डेटा सुरू-बंद करण्यासाठी 1925 हा क्रमांक दिला. नियम चांगला, पण त्यातली संमती डेटा सेवेला एकदा द्यायची. आतल्या प्रत्येक अ‍ॅपने तिचं काय केलं, हे कोणी विचारत नाही. तक्रारीचं म्हणाल तर ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथला डॉकेट क्रमांक, मग कंपनीचंच अपील प्राधिकरण. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं.

या सुनावण्यांत गेटवेची नोंद हाच पुरावा धरला जातो. पण अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये प्रत्येक अ‍ॅपपुढे दोन आकडे असतात: अ‍ॅप समोर उघडं असतानाचा वापर वेगळा, मागे चाललेला वेगळा. आमच्या यंत्रणेला जे दिसत नाही ते तिथे लिहिलेलं असतं. बिलावर वाद घालायचा असेल तर त्या पानाचा फोटो आधी काढून ठेवा. फोन रीसेट केला की ते पुसलं जातं. काकूंच्या अर्जाला आम्ही तो फोटो जोडला आहे. मागे चाललेल्या वापराचा आकडा जवळजवळ सगळ्या बिलाएवढा आहे, समोरचा नगण्य. अपील प्राधिकरणाने तो पुरावा म्हणून दाखल करून घ्यायचा की नाही, यावर अजून निर्णय दिलेला नाही.