रविवारी दोन तास, वाणगावात!

तुमचंही असंच होतं का बघा. रात्री साडेबाराला लॅपटॉप मिटतो, पण डोळे काही मिटत नाहीत. मग मोबाइल. मग दीड, मग अडीच. आणि जरा कुठे डुलकी लागते, तोच गजर! माझं सलग दोन महिने हेच चाललं होतं. शेवटी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, कॉफी निम्मी करायला लावली आणि वर म्हणाले, ‘दर आठवड्याला थोडं झाडांत चालून या.’ मला वाटलं, गंमत करताहेत.

मैत्रिणीने मात्र ते मनावर घेतलं. तिच्या आत्याची वाणगावला वाडी आहे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी तिने मला अक्षरशः ओढून नेलं.

एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणूपर्यंत जायला लागली आणि हा पट्टा आपल्या आवाक्यात आला. विरार सुटलं की गर्दी पातळ होते. वैतरणेच्या खाडीवरून गाडी जाते, तेव्हा खिडकीतून खारा वारा येतो आणि हात आपोआप मोबाइलवरून सुटतो. सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी... बोईसरला डबा जवळजवळ रिकामा झाला. पुढचं स्टेशन आपलं.

वाणगावात ‘पाहण्यासारखं’ असं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. पॉइंट नाहीत, रोपवे नाही. आहेत त्या वाड्या. चिकू, आंबा, ताड आणि मुख्य म्हणजे मिरची. हिरव्यागार मिरचीच्या ओळीच ओळी. बांधावरचा पळस नुकता पेटला होता. तारेवर वेडा राघू बसला होता. आम्ही बांधावरून नुसत्याच चालत राहिलो. पहिली वीस मिनिटं माझ्या डोक्यात न पाठवलेले मेल फिरत होते. पुढे कधी थांबले, कळलंच नाही. दुपारी चिकूच्या सावलीत चटईवर पडले, ती थेट चार वाजता जागी झाले!

हे माझ्या मनाचे खेळ म्हणावेत, तर याचा अभ्यास बराच झालाय. रॉजर उलरिच या संशोधकाने अमेरिकेत पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या २३ जोड्या तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. हा अभ्यास १९८४ चा. त्याच्या दोनच वर्षं आधी जपानच्या वनखात्याने जंगलात निवांत वेळ घालवण्याला ‘शिनरिन-योकू’, म्हणजे वनस्नान, असं नाव दिलं होतं. आणि २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून दिसलं की, आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे स्वतःची तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. दोन तास एकदम घ्या, नाहीतर तुकड्यातुकड्यांत. अर्थात, तब्येत बरी असणारेच जास्त बाहेर पडत असतील, अशीही शक्यता आहे. म्हणून झाडं ही औषधाची बदली नव्हे. माझ्या गोळ्या डॉक्टरांनीच बंद केल्या, मी नाही.

हे सगळं मी आत्यांना उत्साहाने सांगितलं. त्या मिरच्या निवडत होत्या. हसल्या. ‘अगं, तुम्ही इथे हवा खायला येता. आमच्या बायका सकाळपासून वाकून मिरच्या खुडतात. संध्याकाळी हातांची आग होते, कंबर धरते. त्यांना विचार हिरवं बघून काय वाटतं ते!’

मी गप्प झाले. आपल्याला बरं करतो तो निसर्ग नव्हे, निसर्गातली सुट्टी असते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि ही हिरवाई आपोआप राहिलेली नाही, हेही आत्यांकडूनच कळलं. मागच्या स्टेशनवर, बोईसरला, तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये प्रदूषणात तारापूरचा नंबर पहिला होता. वाणगाव मात्र डहाणू तालुक्यात येतं. हा तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर बंधनं आली. ती पाळली जावीत म्हणून इथली माणसं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १९९६ मध्ये देखरेखीसाठी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. आता याच तालुक्याच्या किनाऱ्यावर वाढवण बंदर येतंय. त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. इथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं त्याला विरोध केलाय. म्हणजे माझ्या त्या झोपेची किंमत कुणीतरी आधीच मोजलेली होती.

त्या रात्री मी साडेदहाला झोपले. चमत्कार वगैरे काही नाही, बुधवारी पुन्हा जागरण झालंच. पण आता रविवारचे दोन तास कॅलेंडरमध्ये पक्के आहेत. कधी वाणगाव, कधी घराजवळची बाग. आत्यांकडे गेले की तासभर मिरच्या निवडायला बसते. हातांची आग होते. झोप मात्र मस्त लागते!

कसं जाल? चर्चगेट किंवा विरारहून डहाणू रोड लोकल पकडा. विरारपासून तासाभराच्या आसपास. फेऱ्या कमी आहेत, परतीची वेळ आधीच बघून ठेवा.

काय कराल? पहाटे निघा, उन्हं चढायच्या आत चाला. दिवस हाताशी असेल तर रिक्षाने चिंचणीच्या समुद्रावर, सुरूच्या सावलीत.

काय टाळाल? वाड्या खासगी आहेत, विचारल्याशिवाय आत शिरू नका. फळं तोडू नका, विकत घ्या. प्लास्टिक परत घरी आणा.