बासष्ट हॉर्सपॉवर

माकुणसारच्या आमच्या वाडीत महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, १९९० सालची. नंबर अजून ठाण्याचा, एमएच ०४, कारण ती घेतली तेव्हा पालघर जिल्हा व्हायला दोन तपांचा अवकाश होता. केळीचे घड, नारळ, खताच्या गोण्या, एखादी अडलेली बाळंतीण, निवडणुकीच्या पेट्या, असं सगळं तिनं वाहिलं. आता पुतण्याचा हट्ट आहे की तिच्यातलं मूळचं प्यूजो डिझेल इंजिन उतरवायचं आणि अपघातात गेलेल्या एखाद्या स्कॉर्पिओचं एमहॉक तिथं चढवायचं. थोरल्या भावाचं म्हणणं वेगळं. एवढा पैसा घालायचाच तर कंपनीतूनच तशी घडवलेली थार घ्यावी. घरात यावर बरीच बोलणी झाली. मला हा प्रश्न वाटतो त्याहून खोल दिसतो, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पुतण्याचा हिशेब वरवर बिनतोड आहे. जीपचं प्यूजो एक्सडीपी ४.९० इंजिन २११२ सीसीचं, ६२ हॉर्सपॉवरचं. स्कॉर्पिओतलं एमहॉक १२० हॉर्सपॉवरचं, म्हणजे जवळजवळ दुप्पट. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर इंजिन मिळतं, गिअरबॉक्स मिळतो, वायरिंगसकट सगळा संच मिळतो. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स जोडायला मधली प्लेट लागते, ती तारापूर एमआयडीसीतला कुठलाही चांगला टर्नर लेथवर काढून देईल. हे खोटं नाही. बोईसरच्या पट्ट्यात असे हात आहेत की दंडगोल बघून त्यातला मिलिमीटरच्या दशांशाचा फरक सांगतील. नव्या थारच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च लहान. शिवाय गाडी आपलीच राहते, आजोबांच्या काळची.

हा हिशेब तपासावा म्हणून मी मागे जाऊन पाहिलं की ही जीप मुळात आली कुठून. विलीज जीपमध्ये १९४१ साली जे पेट्रोल इंजिन होतं ते ६० हॉर्सपॉवरचं होतं. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढं १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला आणि पेट्रोलवर जीप चालवणं शेतकऱ्याच्या आणि सरकारी खात्याच्याही आवाक्याबाहेर जाऊ लागलं. त्या काळात ठिकठिकाणच्या मिस्त्र्यांनी जीपची पेट्रोल इंजिनं काढून डिझेल इंजिनं बसवली, आणि कंपनीनंही तेच केलं. आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन, मग सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून त्यांचं इंजिन. म्हणजे आमच्या वाडीतली जीप स्वतःच इंजिन बदललेली गाडी आहे. तिचा सांगाडा अमेरिकन आणि हृदय फ्रेंच आहे, फक्त हे काम गॅरेजऐवजी कारखान्यात झालं.

यात एक गोष्ट माझ्या लक्षात उशिरा आली. साठाचे बासष्ट झाले. चाळीस-पन्नास वर्षांच्या वाटचालीत ताकद जवळपास तिथंच राहिली. जो बदल देशभर टिकला, लाखो किलोमीटर चालला, त्यानं गाडीला जोर दिला नव्हता. इंधनाचा खर्च कमी केला होता. मागचं हाउसिंग, क्राउन-पिनियन, पाटे, ब्रेक, स्टिअरिंग यांना नवं काहीच सोसायचं नव्हतं. आज जेव्हा कोणी म्हणतं की जुने मिस्त्रीसुद्धा इंजिनं बदलत होते, तेव्हा ते खरं असतं, पण ते काम गरजेतून झालेलं होतं आणि गरजेपुरतं होतं. पुतण्याला हवं आहे ते त्याहून निराळं.

आता आमच्याकडची जमीन. माकुणसार, केळवे, एडवण या पट्ट्यात पावसाळ्यात खाजणाच्या कडेची चिकण माती अशी होते की ट्रॅक्टरही सांभाळून घालावा लागतो. इथं अडकलेल्या गाडीला काय हवं असतं? पुतण्या म्हणतो ताकद. मी एकदा कागदावर ढोबळ आकडे मांडले. प्यूजो इंजिन सुमारे १२० न्यूटन-मीटर इतका पीळ देतं. पहिल्या गिअरात तो जवळपास चौपट होतो, लो रेंजमध्ये आणखी अडीचपट, एक्सलमध्ये जवळजवळ पाचपट. म्हणजे चाकांपर्यंत पोचेस्तोवर पन्नासपटीच्या आसपास. घर्षणात थोडं गेलं तरी पाच हजार न्यूटन-मीटर उरतात. सव्वा-दीड टनाच्या जीपचे चारही टायर ओल्या मातीला जेवढं धरू शकतात, त्याच्या दुपटीहून हे जास्त आहे. चिखलात चाक गरगर फिरतं आणि गाडी जागची हलत नाही, ते इंजिन कमी पडतं म्हणून नव्हे. माती कमी पडते. तिथं १२० हॉर्सपॉवर घातले तर चाक अधिक जोरात फिरेल आणि खड्डा अधिक खोल होईल.

चिखलात उपयोग होतो तो टायरच्या नक्षीचा, कमी हवेचा, सावकाश चालण्याचा आणि डिफरन्शियलच्या लॉकचा. एक चाक सुटलं की साधं डिफरन्शियल सगळा जोर त्या सुटलेल्या चाकालाच देऊन टाकतं. लॉक असेल तर दुसरं चाक ओढतं. फोर्स मोटर्सची गुरखा पुढचं आणि मागचं अशी दोन्ही लॉक कारखान्यातूनच घेऊन येते. दोन हजारच्या दशकापासून चालत आलेली ती गाडी हॉर्सपॉवरच्या बाबतीत कित्येक वर्षं मागे होती, तरी डोंगरदऱ्यांत हिंडणारी माणसं तिला सोडायला तयार नव्हती. त्याचं कारण हे लॉक.

मग इंजिनाची ताकद कामाला येते कुठं? पालघरहून मनोरला जाताना वाघोबा घाटात, गाडीत माल आणि माणसं भरलेली असताना. सफाळ्याहून तांदुळवाडीचा घाट चढून वरईला महामार्गाला लागताना. आणि खरं म्हणजे सगळ्यात जास्त त्या महामार्गावर, जिथं ट्रेलरच्या रांगेतून निसटायला ६२ हॉर्सपॉवर अपुरे पडतात. रेतीतही चाकाचा वेग लागतो, हे मान्य. पण केळव्याच्या किनाऱ्यावर, जिथं लोक पोरंबाळं घेऊन चालतात, तिथं गाड्या घालणं मला मुळातच पटत नाही, आणि खाऱ्या पाण्यानं चेसी कुजते ती वेगळी.

चेसीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समुद्रापासून एवढ्या जवळ राहणाऱ्या माणसाला खारा वारा लोखंडाचं काय करतो ते सांगावं लागत नाही. घराच्या खिडक्यांच्या गजांना जे होतं तेच चेसीच्या आतल्या, डोळ्याला न दिसणाऱ्या बाजूला होत असतं. पस्तीस वर्षं तिनं ६२ हॉर्सपॉवरचा पीळ झेलला आहे. आता त्याच पत्र्याला, त्याच वेल्डिंगला, इंजिनाच्या फाउंडेशनच्या त्याच ब्रॅकेटना दुप्पट पीळ झेलायला सांगायचं? आणि तो वेग थांबवणारे ब्रेक तेच चार ड्रम. ताशी ७० किलोमीटरवरून थांबण्यात आणि ११० वरून थांबण्यात ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ अडीचपट असते. वेग दीडपट होतो तेव्हा ऊर्जा दीडपट होत नाही, ती वर्गानं वाढते.

बोईसरच्या आमच्या मिस्त्रींना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "इंजिन बसतं हो भाऊ, त्यात काय. बसल्यावर पुढचं सगळं त्याच्या जोडीचं करायला लागतं. ते कोणी करत नाही." त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. रेडिएटर मोठा लागणार, इंटरकूलरला जागा काढावी लागणार, क्लच बदलणार, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलणार, त्याचा कोन बदलला की युनिव्हर्सल जॉइंट खाणार. एमहॉकला कॉम्प्युटर आहे, सेन्सर आहेत, अॅक्सिलरेटरही वायरवर चालतो. प्यूजो इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरीवाचून चालत राहतं, बंद करायला तार ओढायची. भरतीच्या पाण्यातून जाताना या दोन इंजिनांमधला फरक जिवाला कळतो.

नेमकं हेच काम कंपनीनं २०१० मध्ये केलं होतं, म्हणून ते उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. पहिली थार म्हणजे दिसायला एमएम ५४० आणि पोटात १०५ हॉर्सपॉवरचं २.५ लिटरचं सीआरडीई इंजिन. पुतण्या म्हणतो तसलंच काहीसं. पण त्यासाठी कंपनीला पुढचे पाटे आणि अखंड एक्सल काढून दोन्ही चाकं स्वतंत्र टॉर्शन बारवर बसवावी लागली, चाकांमधलं अंतर वाढवावं लागलं, गिअरबॉक्स बदलावा लागला, पुढं डिस्क ब्रेक द्यावे लागले. एवढं करूनही त्या गाडीला एअरबॅग नव्हत्या, आणि एबीएस मिळालं ते २०१९ साली, त्या पिढीच्या अखेरीस. म्हणजे कंपनीच्या शिक्क्यालाही मी देव मानत नाही. कायद्यानं मागितलं नाही ते तिनंही बरीच वर्षं दिलं नव्हतं.

२ ऑक्टोबर २०२० ला आलेली दुसरी थार मात्र कोऱ्या कागदावरून मांडलेली आहे. नाशिकला तयार होणाऱ्या या गाडीचं डिझेल इंजिन १३० हॉर्सपॉवर आणि ३०० न्यूटन-मीटरचं, पेट्रोलचं १५० हॉर्सपॉवरचं. साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून जाण्याची हमी, आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत प्रौढांसाठी आणि मुलांसाठीही चार तारे. मला यात तीनशेच्या आकड्यापेक्षा चार ताऱ्यांचं अधिक वाटतं, कारण गाडी भिंतीवर आपटताना इंजिन कुठं सरकेल, स्टिअरिंगचा दांडा छातीकडे येईल की बाजूला जाईल, याचा विचार कोणीतरी आधी करून ठेवलेला असतो. आमच्या जीपमध्ये परकं इंजिन बसवलं तर या प्रश्नाचं उत्तर फक्त अपघातच देऊ शकेल.

अमेरिकेतही ही चढाओढ बरीच वर्षं चालली. रँग्लर जीपमध्ये खाजगी गॅरेजं मोठी व्ही-८ हेमी इंजिनं बसवून देत. शेवटी २०२१ च्या मॉडेलपासून जीप कंपनीनंच ६.४ लिटरचं, ४७० हॉर्सपॉवरचं इंजिन घालून रुबिकॉन ३९२ काढली, आणि त्यासोबत चेसी आणि ब्रेकही मजबूत केले. आमच्या रांजणगावला जुळणी होणारी रँग्लर मात्र दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनावर चालते, आणि तिलाही डोंगर चढताना काही उणं पडत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ बनावटीशी विसंगत बदल करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या प्रकरणात हे स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. त्याच जातीचं इंजिन परवानगीनं बदलता येतं. एमहॉक प्यूजोच्या जातीचं नाही. विमा कंपनीही आरसीवरचा इंजिन नंबर बघते, आणि न जुळणाऱ्या नंबरावर रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाची भरपाई अडली तर तो माणूस कोणाकडे जाणार? ताकद मला मिळाली आणि धोका त्याला, ही वाटणी मला मंजूर नाही.

पण कायदा इथंच थांबतो याचं मला वाईटही वाटतं. जर्मनीत एखाद्यानं गाडीत मोठा बदल केला तर ती गाडी अधिकृत अभियंत्यासमोर नेऊन स्वतंत्रपणे तपासून घेता येते. ब्रेक, चेसी, धूर पाहून तो बदल गाडीच्या कागदांवर चढतो. आपल्याकडे पुण्यात १९६६ पासून एआरएआय आहे. सीएनजी किट आणि विजेवर चालवायचे किट तिथं तपासले जातात. पण एका मिस्त्रीनं एका जीपवर मनापासून केलेलं काम तपासायला तिथं दार नाही. बोईसर, कुर्ला, नाशिक, कोल्हापूर इथल्या गॅरेजांत जे हात आहेत, त्यांना आपलं काम दाखवून पास करून घेता आलं असतं तर त्यातले वाईट बदल तिथंच पडले असते आणि चांगल्यांना मान मिळाला असता. आज दोन्ही सारखेच लपून चालतात. असं दार उघडलं तर पुतण्याच्या बाजूनं मी स्वतः उभा राहीन, मात्र मिस्त्रींनी बोटावर मोजलेलं सगळं केल्याशिवाय नाही.

तोवर ठरलं आहे ते असं. जीपचं प्यूजो इंजिन दिवाळीनंतर उतरवायचं आणि पूर्ण बांधायचं. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, पंप आणि इंजेक्टर सगळं. इंजिन बाहेर असेल तेव्हा चेसी घासून, कुजलेला पत्रा कापून नवा घालायचा, मागच्या डिफरन्शियलला लॉक मिळतो का ते बघायचं आणि ब्रेकचे पाइप सगळे बदलायचे. लांबच्या प्रवासासाठी थार हप्त्यावर घ्यायची. पुतण्या अजून पुरता राजी नाही. त्याला मी एवढंच सांगितलं की इंजिन बांधण्याचे सगळे दिवस त्यानं मिस्त्रींच्या शेजारी बसायचं, स्पॅनर हातात घेऊन. तो म्हणाला, "काका, मग टर्बोचं काय?" मिस्त्री म्हणाले, आधी हेड उघडू या.