काचेच्या कडा

गेल्या श्रावणात आमच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीमागे, मला दोन अंडी सापडली. चातुर्मासात! मी ती डब्यासकट उचलली आणि लेकीच्या हातात दिली.

“अगं आई, खायला नाहीत. काचेला लावायचीत.”

तिला फोटोचं वेड, त्यातही १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचं. आम्लात मुरवलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलात विरघळवून चिकट कलोडियन करतात. (दारूच ती, पण काच पिते, मी नाही, असं मला समजावते.) ते काचेवर ओतायचं, काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची आणि ओली आहे तोवरच फोटो काढून धुवायचीही. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. म्हणून डार्करूम सोबत न्यावी लागते. सॅम्युअल बोर्नने १८६६ मध्ये हा पसारा हिमालयात मणिरंग खिंडीपर्यंत, अठरा हजार फुटांवर नेला. नेला म्हणजे हमालांनी नेला.

अंड्यातला पांढरा भाग कडांना लावला की वरचा पापुद्रा धुताना सुटत नाही. मी म्हटलं, “माझ्या घरात नाही.” ती वाद न घालता विळीला धार लावायचा दगड घेऊन काचेच्या कडा घासत बसली.

जांबोटीच्या रस्त्याला तिच्याबरोबर मीच गेले. एकटीला पावसात कशी सोडू? गाडीच्या डिकीला काळं कापड, आत लाल दिवा. मी छत्री धरून उभी, पायाखाली हिरवळ येऊ नये म्हणून डांबराच्या कडेला. पहिल्या काचेवर छत्रीचंच पाणी ठिबकलं. दुसरी छान उमटली होती. धुताना एका कडेने पापुद्रा उचलला आणि ओल्या सायीसारखा पाण्याबरोबर निघून गेला.

ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. बघितलं नाही. त्यानेच जास्त लागलं. तरी अंड्याला हो म्हणवेना.

तिसऱ्या काचेच्या कडा मी घासल्या, गाडीत बसून, दोन्ही बाजूंनी, बोटं दुखेपर्यंत. वारा जरा पडला तेव्हा तिने तीस सेकंद झाकण काढलं. धुताना दोघींनी श्वास धरला. कोपरा थोडा सुटला, बाकी राहिली.

काचेमागे काळं कापड धरलं. झाडं काळीकुट्ट, पानं हलून धुरासारखी, आणि आभाळ कोरं. कलोडियनला निळाच उजेड जास्त दिसतो म्हणे, हिरवा दिसतच नाही. ज्या ढगांनी आम्हाला भिजवलं ते कुठेच नाहीत!

अंथऊला घरी पोचलो. काचेवर वॉर्निश राहिलं होतं. त्यासाठी काच दिव्यावर गरम करावी लागते. रात्री मी दिवा लावू दिला नाही, पावसाळ्यात किडे येऊन पडतात.

“वॉर्निश कशाचं?” मी विचारलं.

“झाडाच्या डिंकाचं.”

“मग सकाळी कर, स्वयंपाकघरात.”